शेवटी आला, आधी गेला



देवळाली प्रवरा हे उसाच्या पट्ट्यातलं गाव. लगत राहुरी फॅक्टरी. पुढं श्रीरामपूर, त्याच्या अंगाला टिळकनगर नि हरेगावची बेलापूर कंपनी. या पट्ट्यात वाढलेल्या पोराला एक वाक्य पाठ असतं : 'कारखाना अडचणीत आहे.' मग बैठका होतात, कर्जं फिरवली जातात, संचालक बदलतात, मालक बदलतात, पाटी बदलते. याला कागदोपत्री म्हणतात पुनर्रचना. आपल्या भाषेत सांगायचं तर कंपनी कात टाकते. साप जगतो, कात वाळून उडून जाते.

आमचा सवाल एवढाच आहे. प्रत्येक मंदीत ही कात म्हणून टाकली जाणारी माणसं कोण?

पुस्तकी अर्थशास्त्र म्हणतं, मंदीला जात नसते. माल खपत नाही, भाव पडतो, खर्च कापावा लागतो, माणसं कमी होतात. आमचे लाल बावट्यावाले मित्रही म्हणतात की कपातीची कुऱ्हाड सगळ्या कामगारांवर सारखी पडते. इतिहास तपासला तर दोघांचंही अर्धंच खरं निघतं. कपातीच्या दिवशी कोणी कोणाला जात विचारत नाही. विचारायची गरजच नसते. ती भरतीच्या दिवशी विचारून झालेली असते. मंदी येते ती फक्त जुनी वसुली करायला.

हे नुसतं म्हणून भागत नाही. दाखवलं पाहिजे. चला मुंबईला.

पहिलं महायुद्ध संपेपर्यंत मुंबईच्या गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला. १९२० नंतर दिवस फिरले. जपानी कापड स्वस्तात यायला लागलं. देशात दुसरीकडं, मजुरी कमी असलेल्या शहरांत गिरण्या वाढल्या. १९२७ साली सरकारनं रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स असा चढा बांधला, त्यानं परदेशी माल आणखी स्वस्त झाला. मालक ओरडायला लागले. १९२६-२७ ला टॅरिफ बोर्ड बसलं, त्याचा अध्यक्ष फ्रँक नॉइस. मालकांनी संरक्षण मागितलं. बोर्डानं त्यांना सुनावलं की आधी कामात कार्यक्षमता आणा.

'कार्यक्षमता' म्हणजे काय, ते ससूनच्या गिरण्यांनी दाखवलं. रिंग खात्यात एक बाजू सांभाळणाऱ्या माणसानं आता दोन बाजू सांभाळायच्या. साच्यावर दोन माग चालवणाऱ्या विणकरानं तीन चालवायचे. पगार थोडा वाढवायचा, माणूस मात्र एक कमी करायचा. दराला हात न लावता मजुरीचा खर्च कमी करायची ही युक्ती. त्या काळी जर्मनी-अमेरिकेत तिचा बोलबाला होता, मुंबईच्या मालकांनी ती तिथूनच उचलली. एका माणसाकडं दोघांचं काम आलं की दुसरा दाराबाहेर जातो. त्याला कोणी काढलं असं कुठं लिहिलेलं नसतं. तो 'जादा' ठरतो.

याच्या विरुद्ध १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत सार्वत्रिक संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरणी कामगारांच्या लढ्यातलं हे सोनेरी पान, असं आपण वाचतो. बरोबर आहे. पण त्याच पानाच्या पाठीमागं आपला हिशेब लिहिलेला आहे, तोही वाचायला हवा.

अस्पृश्य कामगार गिरणीत होता कुठं? रिंग खात्यात. हजारोंनी. विणाई खात्यात मात्र त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकराच्या तोंडाला कसा लागणार? विटाळ! कारखाना आधुनिक, यंत्र विलायती, मालक पारशी-गुजराती-ज्यू-इंग्रज, आणि खात्याच्या दारात उभा गावातला चौथरा. विणाईचा पगार रिंग खात्यापेक्षा जास्त. म्हणजे विटाळानं नुसता अपमान नाही केला, दर महिन्याला पाकिटातून पैसे काढले.

बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी नेत्यांना बजावलं की अस्पृश्यांना सगळी खाती खुली करा, ही मागणी तुमच्या यादीत घ्या, नाहीतर आमच्या लोकांना संपात राहा म्हणून मी सांगणार नाही. नेत्यांनी कुरकुरत मागणी घेतली. ती मालकांपुढं गेली तेव्हा मालकांनी हात झटकले. म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. आणि यात ते साफ खोटं बोलत होते असंही नाही. दार मालकाचं होतं, कडी मात्र आतून सोबतच्या कामगारानं लावली होती. त्या कडीचा फायदा मालकाला फुकटात मिळत होता, एवढंच.

आता हे कार्यक्षमतेच्या योजनेशी जोडून बघा. रिंग खात्यात दोन बाजू एका माणसाकडं आल्या. जो सवर्ण कामगार तिथं जादा ठरला, तो जॉबरच्या ओळखीनं दुसऱ्या खात्यात शिरू शकत होता. अस्पृश्य कामगाराला त्यातलं सगळ्यात जास्त पगाराचं दार बंद. त्याच्या वाट्याला बदलीची रांग. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा पडला तर आत, नाहीतर परत चाळीत. एकाच योजनेचा घाव, पण एकाला दुसरीकडं सरकायला जागा होती नि दुसऱ्याला नव्हती.

१९२९ ला पुन्हा संप झाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. लांबलेल्या संपात आपली माणसं पठाणाच्या कर्जात बुडतात, आणि संप जिंकला तरी चांगल्या खात्याचं दार आपल्याला बंदच राहतं, हे त्यांना दिसत होतं. यावरून त्यांना संपफोडे म्हणणारे तेव्हाही होते, नंतरही झाले. तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरले, हे मात्र ती माणसं सांगायची विसरतात. विरोध संपाला नव्हता. आपला सवाल बाहेर ठेवून केलेल्या संपाला होता.

मग आली जागतिक मंदी. १९२९ ला अमेरिकेत बाजार कोसळला, त्याची लाट मुंबईला पोचली. १९३३ ला करीमभाई इब्राहिमचा गिरण्यांचा मोठा गट कोसळला. १९३३-३४ त मुंबईच्या गिरण्यांनी पगार कापले, त्याच्याविरुद्ध १९३४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सार्वत्रिक संप. रीळ नि वाइंडिंगच्या खात्यात काम करणाऱ्या बायका या काळात झपाट्यानं कमी होत गेल्या. त्यांच्यासाठी कुठला मोर्चा फारसा निघाला नाही. त्या गावी परत गेल्या, इतिहासातूनही गेल्या.

गिरण्या रडत होत्या त्याच वेळी पैसा दुसरीकडं धावत होता. १९३२ ला सरकारनं साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला, जावाच्या साखरेवर जबर जकात बसली. १९३१-३२ ला देशात साखर कारखाने होते तीसच्या आसपास. पाच वर्षांत ते सव्वाशेच्या पुढं गेले. मंदीत भांडवल मरत नाही. ते एक घर सोडून दुसऱ्या घरात शिरतं. आणि या दुसऱ्या घराचा पत्ता आपलाच होता : प्रवरेचं खोरं.

इथं पाणी आधीच आलं होतं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं. ब्रॅडी कंपनीच्या व्यवस्थापनाखालची बेलापूर कंपनी १९२० च्या दशकातच हरेगावला उभी राहिली होती. १९३३ ला डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स टिळकनगरला आली. कंपन्यांना ऊस पाहिजे, उसाला जमीन पाहिजे. कालव्याखालचा शेतकरी पाणीपट्टी, सावकार नि पडलेले गुळाचे भाव यांनी वाकलेला. त्यानं जमीन कंपनीला लांब मुदतीच्या खंडानं दिली. हेच खंडकरी. जमिनीचा मालक घरी बसला, कंपनीचे मळे पसरले. त्या मळ्यांवर राबायला आले भूमिहीन. महार, मांग, भिल्ल आणि दुष्काळी तालुक्यांतून आलेले इतर गोरगरीब.

गावकीतून सुटका म्हणून आपली माणसं मळ्यावर गेली. पगार रोख होता, पाटलाची हाक नव्हती. हे कमी नव्हतं. पण मळ्यावर त्यांच्या वाट्याला आलं ते मातीचं, पाण्याचं, उसाच्या पाचटाचं काम. कागदावर नाव कोणाचं? जमिनीच्या उताऱ्यावर खंडकऱ्याचं. खंडाच्या करारावर खंडकरी नि कंपनी. राबणाऱ्याचं नाव फक्त हजेरीपटावर, तेही काम असेल त्या दिवशी.

याच हरेगावला डिसेंबर १९३९ त बाबासाहेबांनी महार-मांग वतनदारांची परिषद घेतली. सरकारनं वतनी जमिनीवरची जुडी वाढवली होती, त्याविरुद्ध. एका बाजूला कंपनीचं धुराडं, दुसऱ्या बाजूला वतनाच्या बेडीचा सवाल. आपला माणूस दोन्हींच्या मध्ये उभा होता. त्याआधी फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला, याच नगर-मनमाड रस्त्याच्या टोकाला, रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं त्यांनी सांगितलं होतं की कामगाराचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रेल्वेत अस्पृश्य गँगमन म्हणून लागतो नि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो, हे उदाहरण त्यांनी तिथंच दिलं. दोन्ही शत्रू एकाच हजेरीपटावर सही करतात, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

पुढचा अंक १९६१ चा. जमीन धारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा आला. साखर कंपन्यांचे मळे सरकारकडं गेले, १९६३ ला महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ निघालं. हजारो एकर सलग जमीन सरकारच्या हातात. तेव्हा भूमिहीनाला वाटलं, आता काहीतरी होईल. झालं काय? मालकाची पाटी बदलली, मळा तोच, चाळ तीच, राबणारा तोच. नंतर महामंडळ तोट्यात गेलं. भरती थांबली. जुने कामगार निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा मेल्या. पडीक जमीन करारानं दुसऱ्यांना कसायला दिली. शेवटी खंडकऱ्यांच्या वारसांना जमिनी परत द्यायचं ठरलं, २०१२ पासून वाटप सुरू झालं.

खंडकऱ्याचा हक्क खोटा होता असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या बापजाद्याची जमीन फुटकळ खंडावर पिढ्यान्‌पिढ्या अडकली होती, त्यानं लांब लढा दिला. पण बघा, पन्नास वर्षांनंतरसुद्धा त्याचा हक्क जिवंत राहिला, कारण उताऱ्यावर त्याच्या आज्याचं नाव होतं. तेवढीच वर्षं त्याच मातीत राबलेल्या कामगाराच्या वारसाला राहत्या घराखालच्या दोन गुंठ्यांसाठी मोर्चे काढावे लागले. कंपनी गेली, महामंडळ आटलं, प्रत्येक वेळी ज्याच्या हातात कागद त्याला काहीतरी मिळालं. बँकेकडं कर्जाचा कागद, भागधारकाकडं भागाचा, शेतकऱ्याकडं उतारा. आणि आपल्याला कागद मिळूच नये याची तजवीज मनूपासून केलेली.

आता कायदा बघू. पोरांनो, हे नीट वाचा, पुढं कामाला येईल.

१९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात कामगार कपातीची कलमं घातली. चांगली कलमं होती. वर्षभराची सलग नोकरी असेल, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस भरले असतील, तर कपातीपूर्वी नोटीस किंवा नोटिशीचा पगार द्यायचा आणि दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून. आणि एक नियम : एकाच प्रकारच्या कामातल्या कामगारांत जो शेवटी लागला तो आधी जाईल. मालकाच्या मर्जीला लगाम म्हणून हा नियम आला. जॉबरच्या वशिल्यापेक्षा तो शंभर पटीनं बरा. आम्ही त्याच्या विरुद्ध नाही.

पण शेवटी कोण लागतं? ज्याला दार शेवटी उघडलं, तो. पिढ्यान्‌पिढ्या विणाईचं दार बंद ठेवलं, लढून, शिकून, भांडून आमचा पोरगा त्या दारातून आत गेला, आणि पहिल्याच मंदीत यादी निघाली तर सगळ्यात तळाला त्याचं नाव. नियमानं कोणावर अन्याय केला नाही. नियमानं जुन्या अन्यायाला फक्त तारीख घातली.

हे आपल्याच नशिबी आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी याची किंमत आपल्याआधी मोजली. १९३० च्या मंदीत तिथं काळा कामगार शेवटी घेतला जाई नि पहिला काढला जाई. १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा झाला, कारखान्यांची दारं उघडली. सेंट लुई शहरात जनरल मोटर्सच्या कारखान्यात काळ्या बायकांना त्याआधी जवळजवळ घेतच नव्हते. १९७० नंतर काही जणी लागल्या. १९७३-७५ ची मंदी आली, कंपनीनं ज्येष्ठतेच्या यादीनं कपात केली, आणि १९७० नंतर लागलेल्या साऱ्या काळ्या बायका बाहेर पडल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ ला कोर्टानं सांगितलं, कंपनीनं बायका घेतल्या होत्या (त्या गोऱ्या), काळी माणसं घेतली होती (ते पुरुष), तेव्हा तुमचा वेगळा दावा उभा राहत नाही. दोन चाकांमध्ये सापडलेल्या बाईला कोर्ट म्हणालं, एकेका चाकाची तक्रार वेगवेगळी कर. दलित स्त्रीनं हा निकाल लक्षात ठेवावा.

परत आपल्या कारखान्यावर येऊ. साखर कारखान्यात माणसांची उतरंड असते : कायम, हंगामी कायम, रोजंदारी, ठेकेदाराचा. गळीत चालतं पाच-सहा महिने. तेवढ्यात २४० दिवस कसे भरणार? हंगामी स्वरूपाच्या कारखान्यांना तर त्या कायद्यातली ले-ऑफच्या भरपाईची तजवीज लागूच नव्हती. आणि उतरंडीच्याही खाली ऊसतोड्या. बीडचा, पाथर्डीचा, शेवगावचा. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. त्याला कंपनी कधी कामावरून काढत नाही, कारण तिनं त्याला कधी घेतलेलंच नसतं. एकाही तोडणीवाल्याचं नाव पटावर नसताना लाखो टन ऊस गाळायचा, ही पुनर्रचनेची शेवटची पायरी. आज शहरातल्या मोठमोठ्या कंपन्या जे ठेकेदारीनं करायला शिकल्या, ते आपल्या पट्ट्यात आधीपासून चालू आहे.

ठेकेदारी आली की आधी कुठली कामं बाहेर जातात? झाडलोट, हमाली, संडास-गटार, पहारा. म्हणजे जी कामं जातीनं आपल्याला दिली तीच. सरकारी नि निमसरकारी कारखान्यात निदान राखीव जागा होत्या, बिंदुनामावली होती. १९९१ नंतर सरकारी कंपन्या विकायला काढल्या, चतुर्थ श्रेणीच्या जागा ठेक्यावर गेल्या. ठेकेदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली नसते. घटनेला हात न लावता राखीव जागा संपवण्याचा हा रस्ता, आणि त्यालाही नाव पुनर्रचनाच.

मुंबईच्या गिरण्यांचा शेवटही पाहून ठेवा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर संपलाच नाही, गिरण्या संपल्या. मालकांना तोवर कळलं होतं की कापडापेक्षा कापडाखालची जमीन महाग आहे. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक मोकळ्या जागेला, एक सरकारी घरांना, एक मालकाला. २००१ ला नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, इमारतीखालची वगळून. २००६ ला सुप्रीम कोर्टानं तो बदल कायम केला. गिरणीचा मॉल झाला. मुंबईची जमीन असो की हरेगावचा मळा, कंपनी कात टाकते तेव्हा शेवटी जमीन उरते, आणि जमिनीच्या कागदावर आपण नसतो.

राहुरीचा तनपुरे सहकारी साखर कारखाना तर शेतकऱ्यांचा, सहकाराचा. तोही कर्जात गेला, काही हंगाम बंद राहिला, कामगारांचे पगार थकले, जिल्हा बँकेनं ताबा घेतला. सहकार म्हणून कपातीचा नियम बदलला नाही. सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला जमीन लागते, आणि जमीन कोणाकडं हे सांगायला नको. संचालक मंडळाच्या भांडणात दोन्ही पॅनेल जमीनवाल्यांची. हंगामी नि रोजंदारी कामगाराचं थकलेलं देणं हा कुठल्याच पॅनेलचा पहिला मुद्दा नसतो.

नवी औद्योगिक संबंध संहिता २०२० ला मंजूर झाली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागायची, आता तीनशेच्या. शेवटी आला तो आधी, हा नियम तिच्यातही राहिला आहे. म्हणजे दार रुंद झालं, पण बाहेर जायचं.

मग करायचं काय? नुसत्या घोषणांनी हजेरीपट बदलत नाही.

तुमच्या गावातल्या, तालुक्यातल्या कारखान्यात आपली माणसं कुठल्या खात्यात आहेत, कायम किती, हंगामी किती, ठेक्यावर किती, याची यादी तुम्हीच करा. दुसरं कोणी करणार नाही. आज्या-बापाच्या पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाचे कागद, मळ्यावरच्या चाळीचे पुरावे जपून ठेवा. उतारा नसला तरी ही चिठ्ठी आपला उतारा आहे. युनियनमध्ये जा, बाहेर राहून रुसू नका. पण आत जाऊन १९२८ चा सवाल पुन्हा टाका : सगळी खाती खुली आहेत का? ठेक्यावरचा झाडूवाला तुमच्या युनियनचा सभासद आहे का? ऊसतोड बाईचं नाव कुठल्या पटावर आहे? कपातीची बोलणी होतील तेव्हा खात्याखात्यानं आकडे मागा. आणि भरती होईल तेव्हा डोळ्यात तेल घालून उभे राहा, कारण पुढच्या मंदीत कोण जाणार ते त्या दिवशी ठरतं.

मंदी जाते, पुन्हा येते. ती येईल तेव्हा कंपनीकडं तिची यादी तयार असेल. आपलीही तयार असली पाहिजे.

जयभीम!